देव न मानणाऱ्याचं पुण्य कुठे जातं?

कडुनिंबाखाली | २० एप्रिल, रात्री १०.५०

मागच्या आठवड्यात माझ्या सासऱ्यांची तेरवी झाली. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. वय ७८. अजनीच्या लोको शेडमध्ये फिटर होते. घर मानेवाडा रोडच्या आतल्या गल्लीत, फाटकाशी कडुनिंबाचं मोठं झाड.

गुढीपाडव्याला त्यांचे दोन रांजण मागच्या खोलीतून बाहेर निघायचे आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत त्या झाडाखाली राहायचे. पहाटे पाचला उठून कालचं उरलेलं पाणी कुंड्यांना घालायचे, मग कोपरापर्यंत हात आत घालून नारळाच्या काथ्यानं रांजण घासायचे. नळ आला की पाणी दुहेरी फडक्यातून गाळून भरायचं, तुरटीचा खडा चार वेळा फिरवायचा, वर लाकडी झाकण, अंगाला ओलं पोतं. आधी साखळीचा ग्लास होता. करोनानंतर त्यांनी लांब दांड्याचं ओगराळं आणलं, म्हणजे कोणाचा हात पाण्यात बुडायला नको. दुपारी बारा ते चार ते पडवीत बसून राहायचे आणि रांजण अर्धा झाला की पुन्हा भरायचे. सफाई कामगार, ऑटोवाले, ट्यूशनची पोरं, समोरच्या बांधकामावरची छत्तीसगडची माणसं, सगळे तिथं पाणी प्यायचे. पारा ४५ च्या वर गेला की दिवसाला सहा-सात वेळा भरावं लागायचं. हे २० वर्षं चाललं, एकही उन्हाळा न चुकता.

मामाजी देव मानत नव्हते. त्यावर कधी वाद घातला नाही, कोणाला हसले नाहीत. चतुर्थीला सासूबाईंना टेकडी गणपतीला स्वतः घेऊन जायचे आणि बाहेर त्यांच्या चपला सांभाळत उभे राहायचे. तेरवीबद्दल म्हणाले होते, "तुमच्या आईला बरं वाटेल तसं करा." नेत्रदानाचं मात्र तीनदा बजावून ठेवलं होतं. सहा तासांच्या आत करावं लागतं म्हणून नेत्रपेढीचा नंबर फ्रिजवर चिकटवला होता. ते झालं.

तेरवीच्या पंगतीनंतर नात्यातले एक मोठे काका म्हणाले, "माणूस लाखात एक. पण पुण्य नावावर नाही झालं हो. देवाला वाहिलं नाही, तर दान म्हणजे फुटक्या घागरीत पाणी." त्यांच्या बोलण्यात वाईट भाव नव्हता, डोळ्यांत पाणी होतं. पण माझी मुलगी बाजूला बसली होती, पाचवीत आहे. रात्री अंथरुणावर तिनं विचारलं, "आई, आजोबांनी पाजलेलं पाणी वाया गेलं का?"

मी तिला थोपटलं आणि झोप म्हटलं. उत्तर देता आलं नाही. मी स्वतः देव मानते, रोज सांजवात लावते. म्हणूनच प्रश्न जास्त लागला. काका चूक आहेत असं मन म्हणतं, पण का चूक आहेत ते सांगता येत नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?

महाल_गल्ली | २१ एप्रिल, सकाळी ७.१५

ताई, प्रथम मामाजींना नमस्कार.

तुमच्या काकांची बाजू मांडतो, कारण ती मनानं काढलेली नाही. गीतेच्या १७ व्या अध्यायात शेवटचा, २८ वा श्लोक आहे. श्रद्धेवाचून केलेलं हवन, दिलेलं दान, केलेलं तप हे सगळं 'असत्' म्हटलं आहे, त्याचं फळ ना इथं, ना मेल्यावर. आमच्या घरी दान दिल्यावर 'श्रीकृष्णार्पणमस्तु' म्हणत पळीभर पाणी सोडतात. आजोबा सांगायचे, ते पाणी सोडलं की 'मी दिलं' हा भाव सुटतो. तो सुटला नाही तर देणारा हळूहळू स्वतःलाच देव समजायला लागतो. असे दानशूर मी पाहिले आहेत. पाणपोईपेक्षा स्वतःच्या नावाची पाटी मोठी लावतात.

मामाजींच्या रांजणावर पाटी होती का?

कडुनिंबाखाली | २१ एप्रिल, सकाळी ७.४०

नव्हती. एकदा नगरसेवकपदाचा एक उमेदवार नवं कूलर मशीन द्यायला तयार होता, त्यावर त्याचं नाव राहणार होतं. मामाजी नको म्हणाले. लाइट गेली की मशीन थंड पाणी देणार नाही, असं कारण सांगितलं.

प्रश्नचिन्ह | २१ एप्रिल, सकाळी ९.०५

मी निरीश्वरवादी आहे, तेव्हा सरळ लिहितो. प्रश्न उलटा विचारायला हवा. देव मानणाऱ्याचं पुण्य खरं का? तो देतो ते स्वर्गासाठी, पुढच्या जन्मासाठी, पोराच्या नोकरीच्या नवसासाठी. तो सौदा आहे. ज्याला मेल्यावर काहीच मिळणार नाही हे ठाऊक आहे आणि तरी जो रांजण घासतो, त्याचंच देणं निखळ. गोपाळ गणेश आगरकर एम.ए. झाले तेव्हा मोठ्या पगाराच्या नोकऱ्या समोर होत्या. त्यांनी शाळा-कॉलेजात शिकवणं पत्करलं, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, विधवांच्या केशवपनाविरुद्ध आणि बालविवाहाविरुद्ध लिहिलं, लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. चाळिशीही न गाठता १८९५ मध्ये गेले. ईश्वरावर भिस्त नव्हती. आज मुली शिकतात त्यात त्यांचाही वाटा आहे. तो कोणाच्या नावावर झाला, ह्याचा हिशोब कोण मागतो?

कडुनिंबाखाली | २१ एप्रिल, दुपारी १.३०

आगरकरांबद्दल वाचून बरं वाटलं. पण मानणाऱ्यांचं सगळं सौदा, हे मला पटत नाही.

जानेवारीत मामाजी २२ दिवस दवाखान्यात होते. दाराशी येणारे पक्षी आणि गल्लीतली कुत्री यांच्यासाठी ते बारा महिने मातीची दोन परळं भरायचे. ते २२ दिवस परळं सासूबाईंनी भरली, गुडघे धरून खाली बसत. त्यांनी कोणता नवस बोलला होता? त्या रोज देवपूजा करतात आणि परळंही भरतात. त्यांच्या मनात ही दोन कामं वेगळी नाहीत. त्यांच्या देण्याला तुम्ही सौदा म्हणाल तर काकांनी मामाजींना जे केलं तेच तुम्ही सासूबाईंना केलं.

प्रश्नचिन्ह | २१ एप्रिल, दुपारी २.१०

हे बरोबर आहे. मी घाईत सगळ्यांना एका मापानं मोजलं. सासूबाईंची माफी मागतो.

रामटेक_गड | २१ एप्रिल, रात्री ९.२०

मी आयुष्यभर संस्कृत शिकवलं, आता निवृत्त आहे. महालकरांनी श्लोक अचूक सांगितला, पण त्याच अध्यायात आठ श्लोक आधी जे आहे तेही वाचायला हवं. १७ व्या अध्यायाचा २० वा श्लोक. सात्त्विक दान कोणतं, तर 'दातव्यम्', म्हणजे द्यायला हवं एवढ्याच भावनेनं दिलेलं, ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशाला, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला. त्या व्याख्येत देवाचं नाव नाही. ताईंच्या मामाजींचा रांजण शब्दाशब्दाला लावून पाहा. परतफेड? छत्तीसगडचा मजूर उद्या दुसऱ्या साइटवर जाणार. जागा? रस्त्याकडेची सावली. वेळ? वैशाखातली दुपार. पात्र? तहानलेला. मी हा श्लोक कितीदा शिकवला असेल, पण इतकं चपखल उदाहरण माझ्याकडे नव्हतं.

मग २८ व्या श्लोकातली 'श्रद्धा' म्हणजे काय? त्याच अध्यायात तिसऱ्या श्लोकात म्हटलंय, माणूस श्रद्धेचाच बनलेला असतो, ज्याची जशी श्रद्धा तसा तो. म्हणजे श्रद्धा नसलेला माणूस गीतेला ठाऊकच नाही. वीस वर्षं पहाटे पाचला उठून कोपरापर्यंत हात घालून रांजण घासणारा माणूस अश्रद्ध होता असं मला म्हणवत नाही. काही तरी त्यांनी धरून ठेवलं होतं, त्याला नाव दिलं नव्हतं इतकंच.

आता 'पुण्य नावावर होणं' याबद्दल. हा वाद आपल्याकडे फार जुना आहे आणि तो नास्तिकांनी उकरून काढलेला नाही. पूर्वमीमांसा घ्या. यज्ञयागाला तिच्याइतकं महत्त्व देणारं दुसरं दर्शन नाही. मीमांसकांपुढे प्रश्न होता की यज्ञ आज केला आणि संपला, फळ कितीतरी वर्षांनी मिळायचं, मग मधल्या काळात ते असतं कुठे? त्यांचं उत्तर असं की कर्मातून एक न दिसणारी शक्ती उत्पन्न होते, तिला ते 'अपूर्व' म्हणतात, आणि तीच फळ देते. वाटणारा देव मध्ये लागत नाही. मीमांसकांमधले मोठे आचार्य कुमारिल भट्ट, त्यांनी तर जग निर्माण करणारा ईश्वर असल्याचा दावाच खोडून काढला. वेदांवर इतकी निष्ठा असलेला माणूस, आणि ईश्वराची गरज नाही म्हणतो! जुन्या परिभाषेत आस्तिक म्हणजे वेद प्रमाण मानणारा. आज आपण हा शब्द देवाशी बांधून टाकला आहे.

काकांची बाजूही शास्त्रात आहे, हे कबूल करायला हवं. ब्रह्मसूत्रांत, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात, तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात दोन्ही मतं शेजारी-शेजारी आहेत. मीमांसेचे सूत्रकार जैमिनी म्हणतात धर्मच फळ देतो, ब्रह्मसूत्रकार बादरायण म्हणतात ईश्वर देतो. पण ईश्वर देतो म्हटलं तरी तो कसा देतो? त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायावरच्या भाष्यात शंकराचार्यांनी ईश्वराला पावसाची उपमा दिली आहे. पाऊस भातावर आणि जवावर सारखाच पडतो, उगवतं ते ज्याच्या त्याच्या बीजाप्रमाणे. बीज पावसाला मानतं की नाही याची चौकशी पाऊस करत नाही.

तुमच्या लेकीला एवढं सांगा, की आजोबांनी पेरलं होतं.

महाल_गल्ली | २१ एप्रिल, रात्री १०.००

सर, २० वा श्लोक मी रोज म्हणतो. आज पहिल्यांदा ऐकला असं वाटलं.

एमएच_३१ | २१ एप्रिल, रात्री ११.४५

मी ऑटो चालवतो. येवढं शास्त्र मले समजत नाई, पन एक सांगतो.

गेल्या साली मे मईन्यात भर दुपारी तुकडोजी पुतळ्याकून मानेवाड्याकडं चाललो होतो. सवारी नाई, बाटलीतलं पानी चहासारखं गरम. डोकं गरगरायले लागलं, डोळ्यापुढं पिवळं पिवळं. एका गल्लीत झाड दिसलं म्हून ऑटो सावलीत लावला. रांजन होता. दोन ओगराळे पेलो, एक डोक्शावर वतलं. पडवीतून एक बुढा उठून आला नं म्हने, "एकदम उठू नको, धा मिनिट बस." कांदा देल्ला हातात. मंग आत गेला नं मीठ-साखर घातलेलं पानी घेऊन आला. मी पैशाचं इचारलं त तो काईच बोल्ला नाई, नुसता हात हालवला.

त्या गल्लीचं नाव मले ठाऊक नाई. तुमचेच मामाजी होते का दुसरे कोनी, ते सांगता येत नाई. मी बसल्या बसल्या त्यायले इचारलं नाई का तुमी देव मानता का. ध्यानातच नाई आलं. मी जिता हाव, येवढं मात्र खरं.

कडुनिंबाखाली | २२ एप्रिल, सकाळी ६.२०

दादा, कांदा ते सगळ्यांनाच द्यायचे. कोणी उन्हातून आलं की आधी कांदा. हा प्रतिसाद मी सकाळी सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला.

निळी_पहाट | २२ एप्रिल, सकाळी ११.००

माझं माहेर इंदोऱ्याचं. आमच्या घरात तीन पिढ्या देव नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला माझी आजी २३ वर्षांची होती, कडेवर माझे वडील. दीक्षाभूमीच्या त्या मैदानात तिनं बाबासाहेबांसोबत धम्म घेतला. २२ प्रतिज्ञांतल्या पहिल्या काही देव न मानण्याच्या आहेत, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढच्या कोणी फारशा वाचत नाही. त्यांत सगळ्या प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे, चोरी न करण्याची, खोटं न बोलण्याची, दारू न पिण्याची आहे. देव सोडणं हा निम्माच भाग होता. उरलेला निम्मा आजीनं जन्मभर पाळला आणि तोच अवघड होता.

बाबासाहेबांची मांडणी अशी, की इतर धर्मांत देवाला जी जागा आहे ती धम्मात नीतीला आहे. म्हणजे आमच्याकडे नीती हा देवापर्यंत जायचा रस्ता नाही, तीच गाभारा आहे. त्यामुळे 'देव नसेल तर चांगलं कशाला वागायचं' हा प्रश्न लहानपणी माझ्या कानावर कधी आलाच नाही. कॉलेजात एका मैत्रिणीनं विचारला तेव्हा मला त्याचा अर्थच लागेना. ती मला दुखवायला विचारत नव्हती, तिला खरंच पडलेला प्रश्न होता. "रात्री अंधारात एकटी असताना चुकीचं करायला तुला कोण अडवतं?" मी म्हटलं, "आजी." तेव्हा आजी जिवंत होती. आता नाही, तरी तीच अडवते.

दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, खेड्यापाड्यांतून, डोक्यावर गाठोडी घेऊन. रस्तोरस्ती भोजनदानाचे मंडप लागतात. मी लग्नानंतरही दरवर्षी एका मंडपात भात वाढते. पहाटे चारला तांदूळ धुवायला बसायचं, पाणी बर्फासारखं, बोटं सुरकुतून जातात. पंगतीत बसलेल्यांचा चेहरा बघायलाही वेळ नसतो, फक्त ताट दिसतं. पण गेल्या खेपेला एका म्हातारीनं ताट पुढे केलं आणि माझा हात धरला. "बाई, थोडा कमी वाढ, मागच्याले पुरला पायजे." तिला दिवसभरात कदाचित तेवढंच मिळणार होतं.

काकांवर राग धरू नका ताई. पण मुलीला असं शिकवू नका, की आजोबा न कळत आस्तिकच होते. सर आदरानं म्हणाले, ते मला कळलं. तरी मला ते थोडं टोचलं. आमच्या चांगुलपणाला कोणी तरी प्रेमानं देवाच्या खात्यात टाकून घेतं, असं वरचेवर होतं. मामाजी देव मानत नव्हते, तर तसंच राहू द्या.

रामटेक_गड | २२ एप्रिल, दुपारी ४.३०

ताई, तुमचं म्हणणं मान्य. 'नाव दिलं नव्हतं इतकंच' हे वाक्य मी लिहायला नको होतं. त्यांनी विचार करूनच देव नाकारला असेल, तर ते नाकारणंही त्यांचंच आहे. त्याचा मान ठेवायला हवा.

ताजबाग_जवळ | २२ एप्रिल, रात्री ८.१५

आमच्याकडे हे थोडं वेगळं आहे आणि मी ते गोड करून सांगणार नाही. कुराणात 'ज्यांनी ईमान आणलं आणि नेक कामं केली' असा जोडीनं उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. दोन्ही लागतात, ईमान म्हणजे श्रद्धा आणि नेकीही. ईमान नसलेल्याच्या नेकीचं आखिरतमध्ये, म्हणजे मेल्यानंतरच्या जीवनात, काय होणार, यावर आलिम लोकांत, म्हणजे धर्मपंडितांत, बरीच चर्चा आहे, आणि बहुतेकांचं मत तुमच्या काकांच्या जवळ जाणारं आहे.

पण पाण्यावरून लहानपणी ऐकलेली हदीस, म्हणजे पैगंबरांनी सांगितलेली गोष्ट, आठवली. एक बदनाम बाई होती. उन्हात एक कुत्रं तहानेनं विहिरीभोवती घुटमळताना तिला दिसलं. तिनं पायातला जोडा काढला, ओढणीला बांधून विहिरीत सोडला आणि कुत्र्याला पाणी पाजलं. तेवढ्यावर तिला माफी मिळाली. तिच्यात ईमान नव्हतं असं हदीस म्हणत नाही, म्हणून मी तिचा उपयोग वाद जिंकायला करणार नाही. पण आयुष्यभराची सगळी बाजू एका जोडाभर पाण्यानं फिरली, हे माझ्या मनातून कधी गेलं नाही.

मी अम्मीला तुमचा प्रश्न विचारला. तिच्या सगळ्या उन्हाळी सुट्या आजोळी पाणी भरण्यात गेलेल्या. ती म्हणाली, "हिशोब त्याचा आहे, तो ठेवेल. आपण मुनीम नाही." मग म्हणाली, "त्या मुलीला सांग, ज्याला पाणी मिळालं त्याला विचार वाया गेलं का."

रात्रपाळी | २३ एप्रिल, पहाटे ३.१०

ड्युटीवर आहे, वॉर्ड शांत आहे, म्हणून लिहिते. मी नर्स आहे, १६ वर्षं झाली.

२०२१ चा एप्रिल नागपूरकरांना सांगायला नको. आमच्याकडे एका खाटेवर दोन-दोन पेशंट होते. त्या महिन्यात मी देवाशिवाय उभी राहिले नसते. हे मी अगदी खरं सांगते. किट घालायच्या आधी चेंजिंग रूममध्ये भिंतीला डोकं टेकवून रोज एकच वाक्य म्हणायचे, "आजचा दिवस काढून दे." ते वाक्य नसतं तर पंधराव्या दिवशी मी घरी बसले असते. सोबतच्या दोघी बसल्या. त्यांना मी दोष देत नाही, एकीचं बाळ आठ महिन्यांचं होतं.

आमच्या वॉर्डात एक अटेंडंट होता, कंत्राटी. पगार तीन महिने अडकलेला. आम्ही सगळ्या वॉर्डातल्या तसबिरीला हात जोडून आत जायचो, तो जोडायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, "मी नाही मानत, सिस्टर." माणूस गेला की बॉडी गुंडाळायचं काम त्याचं. गुंडाळायच्या आधी तो खिशातून कंगवा काढायचा. केस विंचरायचा. पुरुष असेल तर भांग कुठला होता ते केसांवरून ओळखून तसाच पाडायचा. बाई असेल तर मोकळे केस गोळा करून सैल वेणी घालायचा, गाठ मारायला गॉजची पट्टी. मग केसपेपरवरचं नाव मोठ्यानं वाचायचा, एकदाच, आणि झिप लावायचा.

एका रात्री नऊ जण गेले. आठव्याच्या वेळी मी चिडले. म्हटलं, "अरे, खाली गाडी थांबली आहे. घरच्यांनाही चेहरा दिसणार नाही. कोणासाठी करतोस हे?"

तो म्हणाला, "त्यांच्यासाठी."

खाटेवरच्या बाईंकडे बोट दाखवलं आणि वेणी पूर्ण केली. नवव्याच्या वेळी मी त्याला गॉज कापून दिला.

मला देवानं तारलं असं मी आजही म्हणते. त्याला कशानं तारलं मला माहीत नाही, तोही सांगू शकला नसता. पण त्या वेणीची किंमत कमी आणि माझ्या सलाइनची जास्त, कारण मी भिंतीला डोकं टेकवत होते? हे ज्याला वाटतं त्यानं ती रात्र बघायला हवी होती. श्रद्धा मला बळ द्यायला होती. दुसऱ्याला मोजायची पट्टी म्हणून ती मला दिलेली नव्हती.

बेल वाजली. जाते.

प्रश्नचिन्ह | २३ एप्रिल, सकाळी ८.३०

सिस्टर, तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून काही लिहावंसं वाटत नव्हतं. पण एक सांगायचं राहिलं. देव नसताना माणूस आपोआप चांगला वागतो, असंही मी मानत नाही. न मानणाऱ्याला चुकीच्या वागण्यासाठी कोणाची माफी मागून मोकळं होता येत नाही, म्हणून त्याला जास्त जागं राहावं लागतं. माझ्याकडून ते दर वेळी होत नाही. आईच्या आजारपणात मी दोन महिने उशिरा पोचलो. ते ओझं उतरवायला माझ्याकडे कुठलं देऊळ नाही. म्हणून आता दर रविवारी वस्तीतल्या एका एकट्या आजींची औषधं भरून देतो, सकाळ-दुपार-रात्रीच्या डब्यांत. त्यानं आई परत येत नाही. आजींना मात्र गोळ्या वेळेवर मिळतात.

महाल_गल्ली | २३ एप्रिल, दुपारी १२.४०

धागा मी सुरुवातीपासून पुन्हा वाचला. वडील गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलेले होते. बाबा 'गोपाला गोपाला' म्हणत नाचायचे, म्हणजे नाव देवाचंच घ्यायचे, आणि त्याच कीर्तनात लोकांना विचारायचे की दगडाच्या देवापुढे कोंबडं-बकरं का कापता. पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःजवळ खराटा आणि गाडगं एवढंच. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले आणि दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला बाबा गेले, अमरावतीजवळ.

त्यांच्या दशसूत्रीची पाटी आमच्या शाळेत होती. पहिली ओळ भुकेलेल्याला अन्न. दुसरी ओळ तहानलेल्याला पाणी. आणि शेवटी लिहिलेलं, हाच आजचा रोकडा धर्म. 'रोकडा' या शब्दावर मी आज अडलो. रोकडा म्हणजे उधारीचा नाही. इथंच दिला, इथंच पोचला. पुढच्या जन्माच्या खात्यात जमा व्हायची वाट बघत बसायची नाही. पाणी सोडून 'श्रीकृष्णार्पण' म्हणणं मी सोडणार नाही, ते माझ्यासाठी आहे. पण काकांनी म्हटलं ते मी आता म्हणणार नाही. परवा सुरुवातीला मी त्यांची बाजू घेतली होती, ती या एका बाबतीत सोडतो.

कडुनिंबाखाली | २ मे, रात्री ९.३०

दहा दिवसांनी येते आहे, सगळ्यांचं वाचलं होतं, लिहायला जमलं नाही.

या वर्षी पाडव्याला मामाजी दवाखान्यात होते, म्हणून रांजण लागलेच नव्हते. धाग्यावर तुमचे प्रतिसाद आले त्याच आठवड्यात आम्ही ते काढले. एकाला तडा गेला आहे, झिरपतो. दुसरा ठीक आहे. मुलीचा हात कोपरापर्यंत बुडाशी पोचत नाही, म्हणून ती काथ्या काठीला बांधून घासते. ती सकाळी आणि मी संध्याकाळी. दुपारी पडवीत सासूबाई बसतात. त्यांनी पहिल्या दिवशी भरलेल्या रांजणात तुळशीचं पान टाकलं. मुलगी म्हणाली, "आजोबा टाकत नव्हते." सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या, मग ओगराळ्यानं पान काढून कुंडीत टाकलं. मी काही बोलले नाही.

मुलीला मी तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले, अम्मींचा आणि ऑटोवाल्या दादांचा आधी. पाऊस आणि बीजाचं तिला आवडलं. निळी पहाट ताई, तुमचंही सांगितलं, की आजोबा मानत नव्हते, तर तसंच म्हणायचं. ती म्हणाली, "मला माहीत आहे, मला त्यांनी सांगितलं होतं." तिनं तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही. काल एका पोरानं पाणी पिऊन ओगराळं मातीत टाकलं, तर ते धुऊन परत झाकणावर ठेवायला धावली.

काका रविवारी आले होते. दुपारची वेळ, बसस्टॉपपासून चालत आलेले. फाटकातच थांबून दोन ओगराळी प्याले. वर आल्यावर त्या विषयावर काही बोलले नाहीत, मीही काढला नाही. जाताना विचारलं, "तुरटी किती दिवस पुरते गं?"

एमएच_३१ | ३ मे, सकाळी ७.५०

ताई, आमच्या स्टँडवर आमी सात जन मिळून रांजन ठेवाचं म्हनतो. जागा पिंपळाखाली भेटली. पानी बाजूचे चहावाले भाऊ भरू देतात. नवा रांजन घेतला त काय काय करा लागते, सांगसान का? आनि खाली काय ठेवा लागते? जमिनीवर ठेवला त कुत्रे तोंड घालतात.

कडुनिंबाखाली | ३ मे, सकाळी ८.२०

दादा, कुंभाराकडून घेताना बोटानं टिचकी मारून बघा, आवाज खणखणीत यायला हवा. बद्द आला तर तडा आहे. नवा रांजण आधी एक रात्र पाण्यात भिजवा. पहिले दोन दिवसांचं पाणी पिऊ नका, मातीचा वास येतो, झाडाला घाला. साबण कधी लावू नका, माती तो पिऊन घेते. काथ्या आणि मीठ, बस. पोतं दिवसातून तीनदा ओलं करा. आतून शेवाळ धरायला लागलं की एक दुपार रिकामा करून उन्हात पालथा ठेवा.

खाली घडवंची लागते. मामाजींची दुसरी रिकामी आहे, माळ्यावर. सागवानी आहे, त्यांनी स्वतः ठोकलेली. या आठवड्यात कधीही घेऊन जा, दुपारी सासूबाई पडवीत असतातच. एक पाय थोडा आखूड आहे, खाली फरशीचा तुकडा लावावा लागतो. तो तुकडाही तिथंच दोरीनं बांधून ठेवला आहे.